ललिताबाईंच्या गोष्टीतला 'ध'चा 'मा'

दरवर्षी १८ एप्रिलला आणि २४ फेब्रुवारीला ललिता पवार यांची एकच गोष्ट नव्याने सांगितली जाते. पहिली तारीख त्यांच्या जन्माची, साल १९१६. दुसऱ्या तारखेला, १९९८ साली, त्या पुण्यात वारल्या. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एक देखणी नायिका होती. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान नावाच्या नवख्या नटाने तिला इतक्या जोरात थप्पड मारली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तीन वर्षं उपचारांत गेली. नायिका संपली. मग तोच डोळा कामी आला आणि हिंदी पडद्याला त्याची खाष्ट सासू मिळाली.

यंदा ही गोष्ट माझ्याकडे एकाच दिवसात पाच जणांकडून आली. माझ्या मावसबहिणीने खाली लिहिलं होतं, "एका थपडेने नशीब कसं पालटतं बघ." तिला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत देण्यासारखं ते नव्हतं. ते इथे देतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अपघात झाला, त्यात बाईंचा चेहरा दुखावला आणि त्याची खूण त्यांनी जन्मभर वागवली, याबद्दल माझी तक्रार नाही. खूण पडद्यावर दिसते. माझा आक्षेप त्या अपघाताला दिलेल्या जागेवर आहे. जवळजवळ सत्तर वर्षं काम केलेल्या एका बाईच्या कारकिर्दीचं सगळं श्रेय एका चुकलेल्या हाताला देऊन आपण मोकळे होतो. आणि हे करताना आपल्याला आपण तिच्याबद्दल हळहळतो आहोत, तिचं कौतुक करतो आहोत असं वाटत असतं. म्हणून मला हे जास्त लागतं.

सालापासून सुरुवात करू. थप्पड १९४२ ची आणि उपचार तीन वर्षांचे, हा हिशेब गोष्ट सांगणारेच देतात. त्यांच्या हिशेबाने १९४५ पर्यंत ललिताबाई पडद्यापासून दूर असायला हव्यात. पण १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे झाले होते आणि आनंदीबाई होत्या ललिता पवार. 'रामशास्त्री' मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत निघालेला, पेशवाईचा सगळा थाट उभा करणारा मोठा चित्रपट होता. आनंदीबाई ही त्यातली येऊन-जाऊन असलेली भूमिका नव्हे. 'धरावे'चं 'मारावे' करणारी बाई म्हणून लोककथेने जिला दोनशे वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ती ही आनंदीबाई. नारायणरावाच्या खुनाचं पाप जिच्या एका अक्षरावर ढकललं गेलं, ती. तिच्याशिवाय 'रामशास्त्री' उभाच राहत नाही. प्रभातसारख्या कंपनीने ही भूमिका अंथरुणाला खिळलेल्या, संपून गेलेल्या नटीला दिली असेल का?

कुणी म्हणेल, बघा, आनंदीबाई म्हणजे खलनायिकाच की, डोळ्याचा परिणाम तिथेच सुरू झाला. असं म्हणणाऱ्याने आनंदीबाई ही तरुण, बुद्धिमान, नवऱ्याला पेशवाई मिळावी म्हणून जीव टाकणारी बाई आहे, हे विसरू नये. ती म्हातारी सासू नव्हे. तिला प्रेक्षकाने भ्यावं लागतं आणि तिच्याकडे पाहतही राहावं लागतं. असं काम वाकड्या डोळ्याने होत नाही. ते ज्याने होतं ते ललिताबाईंनी १९४२ च्या आधीच कमावलं होतं.

आणि नेमकी हीच वर्षं थपडेच्या गोष्टीत गायब असतात. 'एक देखणी नायिका होती' या चार शब्दांत ती उरकली जातात. मूळ नाव अंबा. येवल्यातल्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. पुण्यातल्या मूकपटांत ती बालवयातच आली. १९३१ सालचा, ग. प. पवारांनी दिग्दर्शित केलेला 'दिलेर जिगर' हा मूकपट आजही शाबूत आहे. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले, त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी हा एक. तो साहसपट आहे, त्यात तलवारबाजी आहे, कसरती आहेत, जुलमी राजाशी झुंज आहे, आणि या सगळ्यात पंधरा वर्षांची ललिता सारंगा नावाच्या मुलीच्या भूमिकेत आहे. हिरोच्या मागे लपणारी ही मुलगी नाही, स्वतः लढणारी आहे. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा हात होता. वय वर्षं सोळा. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'त ती स्वतःची गाणी स्वतः गात होती. १९३८ मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट तिने काढला, आणि त्याचा आधार होता टॉलस्टॉयची 'रिझरेक्शन' ही कादंबरी. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, बावीस वर्षांची एक मराठी नटी टॉलस्टॉयच्या कादंबरीवर चित्रपट काढते. एवढी एकच गोष्ट सांगण्यासारखी असताना आपण थप्पड सांगतो.

त्यानंतर भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९), मास्टर विनायकांचा, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'अमृत' (१९४१). थोडक्यात, १९४२ साली थप्पड बसली तेव्हा ललिता पवार ही जवळजवळ पंधरा वर्षं कॅमेऱ्यासमोर राबलेली, मूकपट आणि बोलपट दोन्ही जगलेली, पदरमोड करून चित्रपट काढलेली अभिनेत्री होती.

आता 'नवख्या नटा'बद्दल. भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, १९४२ साली नवखे मुळीच नव्हते. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांतच त्यांनी तोंडाला रंग लावला होता आणि १९३८ मध्ये 'बहादुर किसान'च्या दिग्दर्शनात त्यांचं नाव होतं. मारामारीचे स्वस्त चित्रपट हे त्यांचं रोजचं काम. गोष्टीला एक अडाणी, घाबरट नवशिक्या हवा असतो, म्हणून त्यांना तसं केलं जातं. त्यातून दोघांवरही अन्याय होतो. एक नशिबाने मारलेली, दुसरा नकळत मारणारा, एवढंच उरतं. खरं तर ती दोघंही एकाच धंद्यात घाम गाळणारी कामगार माणसं होती. अशा धंद्यात कसरती, उड्या, तलवारी, घोडे, थपडा हे सगळं रोज स्वतःच्या अंगावर घ्यायचं असे. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर आपण त्याला कामावरचा अपघात म्हणतो. औषधपाण्याचा खर्च कोणी केला, बसून राहिलेल्या महिन्यांचा पगार कोणी दिला, असं विचारतो. ललिताबाईंच्या बाबतीत यातला एकही प्रश्न गोष्ट सांगणाऱ्याला पडत नाही. नशीब म्हटलं की सगळे प्रश्न संपतात.

पण या गोष्टीतलं सर्वांत मोठं खोटेपण मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. गोष्ट सांगते की थप्पड बसली म्हणून नायिकेची आई-सासू झाली. म्हणजे थप्पड बसली नसती तर त्या नायिकाच राहिल्या असत्या? त्यांच्या बरोबरीच्या नट्यांकडे पाहा. दुर्गा खोटे यांचा जन्म १९०५ चा. 'अयोध्येचा राजा'तली तारामती, 'अमरज्योती'तली समुद्रावर राज्य करणारी सौदामिनी. त्याच दुर्गाबाई १९४२ मध्ये, म्हणजे नेमक्या त्या थपडेच्या वर्षी, विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी झाल्या. लीला चिटणीस घ्या. 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०), 'झूला' (१९४१) हे अशोककुमारबरोबरचे त्यांचे तीन चित्रपट देशभर गाजले. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेला पहिला भारतीय चेहरा लीलाबाईंचा. आणि 'शहीद'मध्ये, १९४८ साली, त्या दिलीपकुमारच्या आई. वय एकोणचाळीस. तीन वर्षांनी 'आवारा'त राज कपूरच्या आई. त्यानंतर पडद्यावर लीला चिटणीस म्हणजे खोकणारी, शिवणाचं मशीन चालवणारी आई.

त्यांना कोणी थप्पड मारली होती?

आणि तो अशोककुमार? लीलाबाईंहून दोन वर्षांनी धाकटा. १९४९ च्या 'महल'मध्ये तो नायक आहे, १९५३ च्या 'परिणीता'त नायक आहे, आणि १९५८ मध्ये, 'हावडा ब्रिज'मध्ये, मधुबालाचा नायक आहे. त्याच्याबरोबर बागेत गाणी गायलेली बाई तोपर्यंत दहा वर्षं पडद्यावर आई म्हणून वावरत होती.

पस्तिशी गाठलेल्या बाईला नायिका म्हणून उभं करायचं नाही, हा या धंद्याचा रिवाज होता. त्यासाठी कोणी थप्पड मारायची गरज नव्हती. तो प्रत्येकीला लागू होता, डोळा धड असो वा नसो. थपडेची गोष्ट या रिवाजावर पांघरूण घालते. एका भगवानाचा हात चुकला म्हणून सांगितलं की निर्माते, दिग्दर्शक, वितरक आणि तिकीट काढणारे आपले आजोबा-पणजोबा सगळे सुटतात. ललिताबाईंच्या कारकिर्दीला वळण लागलं ते अपघाताने थोडं लवकर लागलं असेल, एवढंच फार तर म्हणता येईल. वळण मात्र आधीच आखलेलं होतं.

राहिला तो डोळा. बारीक डोळ्यामुळे त्या दुष्ट दिसत, म्हणून दुष्ट भूमिका मिळाल्या, म्हणून त्या मोठ्या झाल्या, असा हा हिशेब. याचं उत्तर द्यायला १९५५ हे एकच वर्ष पुरेसं आहे. त्या वर्षी 'श्री ४२०' आला. त्यात ललिताबाई मुंबईच्या फूटपाथवरच्या केळेवाल्या गंगामाई आहेत. राजशी त्यांची केळ्यांच्या भावावरून होणारी घासाघीस आठवा. गळा मोकळा, हात सतत कशात तरी गुंतलेले, रागावणं आणि माया एकाच दमात. मुंबईत उपाशी उतरलेल्या पोराला पहिली माणुसकी भेटते ती या बाईच्या टोपलीपाशी. आणि त्याच वर्षी गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' आला. त्यात त्या सीतादेवी आहेत. श्रीमंत, शिकलेली, सभा गाजवणारी, स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि घटस्फोटाच्या कायद्यासाठी भांडणारी, भाचीला पुरुषांपासून दूर ठेवणारी बाई.

डोळा तोच आहे. वर्षही तेच. एका चित्रपटात तो पाहून पोटात माया दाटते, दुसऱ्यात तो पाहून समोरचा माणूस सरळ उभा राहतो. डोळा बोलत असता तर दोन्हीकडे एकच बोलला असता.

सीतादेवीबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण ती भूमिका मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करत आली आहे. हिंदू विवाह कायदा मंजूर झाला तेही १९५५ च. ज्या काळात घटस्फोटाच्या हक्कावरून देश पेटला होता, त्या काळात या चित्रपटाने तो हक्क मागणाऱ्या बाईला हास्यास्पद ठरवायचं मनात घेतलं होतं. पटकथा सीतादेवीच्या विरुद्ध आहे. मधुबालासारखी भाची तिच्या विरुद्ध जाते, शेवटी तिचा पराभव होतो, आणि प्रेक्षकाने त्यावर खूश व्हावं अशी योजना आहे. दुसऱ्या एखाद्या नटीने हे पात्र डोळे मिचकावत, प्रेक्षकाला सामील करून घेत साकारलं असतं. ललिताबाईंनी तसं केलं नाही. त्यांची सीतादेवी बोलते ते तिचं म्हणणं आहे. मान ताठ, वाक्य तोडलेलं, आवाजात शंकेला जागा नाही. आज तो चित्रपट पाहताना मला सीतादेवीचं बोलणं नायकाच्या बोलण्यापेक्षा अधिक पटतं. लेखकाने जिला हरवायला लिहिलं त्या बाईला ललिताबाईंनी इज्जत दिली. हे करायला स्वतःच्या पात्राच्या बाजूने उभं राहण्याची सवय असावी लागते. ती सवय सारंगापासून, टॉलस्टॉयपासून, आनंदीबाईपासून आलेली होती.

शांतारामबापूंच्या 'दहेज'मधली (१९५०) सासू दुष्ट आहे, यात शंका नाही. हुंड्यासाठी सुनेला छळणारी. पण तो चित्रपट आला तेव्हा हुंडाबंदीचा कायदा अकरा वर्षं दूर होता. घराघरांत जे चालत होतं ते पडद्यावर इतकं ओळखीचं करून दाखवायचं की पाहणाऱ्या सुनेचा श्वास अडकावा आणि पाहणारी सासू खुर्चीत चुळबुळावी, हे चेहऱ्याच्या व्यंगाने होत नाही. ललिताबाईंची सासू अंगात वारं आल्यासारखी कधी ओरडत नाही. ती हिशेब मांडते. काय आलं, काय यायचं राहिलं, कोणाच्या माहेरून काय आलं होतं. तिचं दुष्टपण घरच्या कपाटासारखं रोजच्या वापरातलं असतं. म्हणून ते लक्षात राहिलं आणि म्हणूनच आपल्या घरांत 'आमच्या सासूबाई म्हणजे अगदी ललिता पवार' हा वाक्प्रचार झाला. माझी आई हे वाक्य आजीबद्दल म्हणायची, आणि आजी तिच्या सासूबद्दल. म्हणजे भाषेत जाऊन बसलेली ही अभिनेत्री आहे. मराठीत असं स्थान किती नटांना मिळालं?

मग ज्या बाईने आपल्याला सासू ओळखायला शिकवली, तिने मिसेस डिसा कशी केली, हे थपडवाल्यांनी मला समजावून सांगावं. हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी', १९५९. राज कपूरची घरमालकीण, ख्रिस्ती म्हातारी, तोंडाने सतत करवादणारी आणि पदरचं खाऊ घालणारी. येवल्याच्या या मराठी बाईने मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीतल्या हिंदीचा ठेका असा पकडला आहे की त्यात नक्कल उरत नाही. पुढे औषधकंपनीच्या सदोष औषधाने ती मरते आणि आळ त्या भोळ्या भाडेकरूवर येतो. चित्रपटाचा सगळा नैतिक भार तिच्या मरणावर आहे. ती प्रेक्षकाची कोणीतरी झालेली नसेल तर चित्रपट कोसळतो. तो कोसळला नाही. त्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला. थपडेच्या गोष्टीत हा दुसरा पुरस्कार मी आजवर एकदाही वाचलेला नाही.

'जंगली'तली हसायला बंदी घालणारी आई, बाबूभाई मिस्त्रींच्या 'संपूर्ण रामायण'मधली मंथरा आणि मग पंचवीसेक वर्षांनी, सत्तरीत, रामानंद सागरांच्या मालिकेत पुन्हा मंथरा, 'आनंद'मधली मेट्रन. ही सगळी कामं लोकांना आठवतात, त्यांवर मी शाई खर्च करत नाही. मला 'प्रोफेसर'वर थांबायचं आहे.

१९६२, लेख टंडन दिग्दर्शक, शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसरचं सोंग घेऊन घरात शिरलेला. ललिताबाई त्या घरातल्या करड्या पालक. मुलींना शिस्तीत ठेवणाऱ्या, हसू न फुटणाऱ्या. आणि ही बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. चित्रपटाला त्यात फक्त विनोद हवा आहे. थोराड बाई लाजते, नटते, याला प्रेक्षकाने हसावं एवढीच अपेक्षा आहे. ललिताबाई हसू मिळवून देतात, ते कर्तव्य त्या चोख पार पाडतात. पण त्या लाजण्यात काहीतरी खरं येऊन बसतं. बोलता बोलता आवाज हलका होतो. पाठीचा ताठा सुटतो. आयुष्यभर कोणी न विचारलेल्या बाईला कोणीतरी विचारलं आहे आणि तिला ते सांभाळता येत नाही, एवढं सगळं त्या चेहऱ्यावर उमटतं, त्याच चेहऱ्यावर ज्याच्याबद्दल आपण सांगतो की तो वीस वर्षांपूर्वी निकामी झाला होता.

'प्रोफेसर' मी पहिल्यांदा पाहिला तो आईबरोबर, रविवारच्या संध्याकाळी दूरदर्शनवर. सोंग उघडं पडणार हे कळू लागलं तशी घरातली पोरं जोरजोरात हसत होती. आई हसली नाही. ती म्हणाली, "आता हिचं काय होणार?" मग उठून तिने आमच्या हसण्याचा आवाज कमी करायला लावला, टीव्हीचा नाही.

मावसबहिणीला मी हेच लिहिलं आहे. तिला म्हटलं, पुढच्या वेळी मला 'रामशास्त्री'ची गोष्ट पाठव, 'दुनिया क्या है'ची पाठव, बावीस वर्षांच्या निर्मातीची पाठव. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पण काल रात्री तिने विचारलं, 'प्रोफेसर' कुठे बघायला मिळेल.